कोरड्यास काय?

(सोलापूर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी 'जीवनसत्त्वं आणि खनिजं' हा विषय सुचवला, तेव्हा मी एवढंच विचारलं की श्रोते जेवून येणार की जेवायच्या आधी. आधी, असं उत्तर आलं. भुकेल्या सभेपुढे अ-पासून के-पर्यंतची जंत्री वाचणं हा अपराध आहे आणि ती जंत्री पाचवीच्या पुस्तकातही सापडते. मी एकच प्रश्न घेऊन आलो आहे. आपल्या जिल्ह्यात तो रोज संध्याकाळी घराघरांत विचारला जातो: आज कोरड्यास काय? भाकरी ठरलेलीच असते. माणूस सुदृढ राहणार की खंगणार, हे बरंचसं त्या भाकरीच्या शेजारी काय पडतं यावर ठरतं.

आपण ज्वारीच्या मुलखात बसलो आहोत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ३५-१ हा वाण १९३०च्या दशकात आपल्या मोहोळच्या केंद्रावर निवडला गेला आणि इतक्या वर्षांनीही रब्बीच्या शेतकऱ्याच्या तोंडी त्याचंच नाव असतं. ज्वारीचं कौतुक हल्ली फार होतं, 'श्री अन्न' वगैरे. कौतुकाला माझी हरकत नाही. पण ज्वारीच्या नावावर एक आजारही नोंदलेला आहे, तो सांगायला हवा.

पेलाग्रा. गळ्याभोवती, हाताच्या पाठीवर, पायांवर, जिथं म्हणून ऊन लागतं तिथली कातडी काळवंडते आणि सालपटं निघतात. मग जुलाब लागतात. मग माणूस भ्रमिष्टासारखं करू लागतो. इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मका खाऊन राहणाऱ्या गरिबांना हा रोग होई आणि तो साथीचा असावा असं मोठमोठे डॉक्टर मानत. जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या सरकारी डॉक्टरने १९१५ साली मिसिसिपीतल्या तुरुंगातल्या काही कैद्यांना, त्यांच्या संमतीनं, निकृष्ट आहारावर ठेवलं आणि त्यांच्यात पेलाग्रा उमटलेला दाखवला. तरी लोकांना पटेना. तेव्हा त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. कुणालाही काही झालं नाही. उणीव नायसिनची, म्हणजे बी गटातल्या एका जीवनसत्त्वाची आहे, हे १९३७ साली कळलं.

मक्याचं कोडं सुटलं, ज्वारीचं राहिलं. शरीर ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून थोडं नायसिन स्वतः बनवतं. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी, म्हणून पेलाग्रा. ज्वारीत ते तितकं कमी नाही. तरीही दख्खनच्या पठारावर, हैदराबादच्या बाजूला, ज्वारी खाणाऱ्या शेतमजुरांत पेलाग्रा दिसत होता. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया या पोषणशास्त्रज्ञांनी १९६० साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की ज्वारीत ल्यूसिन हा दुसरा घटक फार असतो आणि तो नायसिनच्या वाटेत आडवा येतो. त्यावर वाद झाले, पुढं बी-६ जीवनसत्त्वाचाही त्यात संबंध आला. तो वाद रसायनवाल्यांवर सोडू. मी डॉक्टर म्हणून पाहतो ते हे की रोगी कोण होते. ज्यांच्या ताटात ज्वारीखेरीज जवळजवळ काहीच नव्हतं, ते. डाळ, दूध, अधूनमधून मटण ज्यांना मिळत होतं, त्यांनी तीच ज्वारी जन्मभर खाल्ली आणि त्यांच्या गळ्याला कधी काळा पट्टा पडला नाही.

आता आपल्या शेंगाचटणीकडं बघा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात बारा मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन असतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज अकरा ते चौदा. दोन चमचे चटणी म्हणजे दिवसाच्या गरजेचा पाचवा-सहावा हिस्सा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही जोडी ज्या कुणा बाईनं पहिल्यांदा लावली, तिला नायसिन ठाऊक नव्हतं. पण ज्वारीत जे हाताला लागत नाही, ते तिनं उखळात कुटून भाकरीवर ठेवलं. आज हीच चटणी पाकिटात घालून पुण्या-मुंबईला जाते आणि इथं विडी वळणारी बाई चहात बुडवून टोस्ट खाते. त्याकडे मी पुढं येतोच.

त्याआधी थोडा इतिहास, कारण 'पोट भरलं की झालं' हा समज अडाण्यांचा नाही, तो सरकारी आहे. १८७६-७८च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला होता. इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी त्या वेळी हिशेब मांडला की दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी त्याविरुद्ध लिहिलं. धान्य वाढवा आणि त्याबरोबर डाळ-भाजीची सोय करा, असं त्यांचं म्हणणं. 'व्हिटॅमिन' हा शब्द जन्माला यायला तेव्हा अजून पस्तीस वर्षं होती. कॉर्निश यांनी माणसांकडं पाहून ते ओळखलं होतं. १९७२च्या दुष्काळात आपल्याकडं रोजगार हमीची कामं निघाली, सुकडी वाटली गेली, लाल मिलो ज्वारी आली. या सभेतल्या पांढऱ्या केसांना तिची चव अजून आठवत असेल. तेव्हाही मोजमाप मुख्यतः उष्मांकांचं होतं.

आता कापडगिरणीकडं वळू. १८७०च्या दशकातच सोलापुरात जुनी गिरणी उभी राहिली आणि हे गाव आजच्या महाराष्ट्रात मुंबईखालोखाल गिरण्यांचं गाव झालं. गिरणीतल्या बायकांच्या रक्ताची गोष्ट मात्र आपल्याला मुंबईहून कळते, कारण ती पाहणारी बाई तिथं आली. लूसी विल्स. इंग्लंडची डॉक्टर, जन्म १८८८चा. मुंबईत बाळंतपणात बायका फार मरत होत्या. त्याची चौकशी डॉ. मार्गारेट बालफोर परळच्या हाफकिन संस्थेतून करत होत्या. त्यांच्या बोलावण्यावरून १९२८ साली विल्स आल्या. गरोदर बायकांना एक भयंकर पांडुरोग होत होता. तांबड्या पेशी कमी, आणि होत्या त्या नको तितक्या फुगलेल्या. विल्स यांनी आधी जंतू शोधले. सापडले नाहीत. मग त्या बायकांच्या स्वयंपाकघरांकडे वळल्या. कोण काय खातं, कुठल्या जातीधर्मात, कुठल्या मिळकतीत, हे सगळं टिपलं. प्रथिनं, फळं आणि भाजीपाला ज्यांच्या ताटात कमी त्या गरीब बायका, विशेषतः गरीब मुसलमान बायका, आजारी पडत होत्या.

त्या वेळी पर्निशस अॅनिमिया या तसल्याच दुसऱ्या पांडुरोगावर यकृताचा अर्क देत. तो महाग. विल्स यांनी तसल्याच निकस आहारावर ठेवून अशक्त झालेल्या माकडांना मार्माइट देऊन पाहिलं. बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा हा खारट लगदा इंग्रज लोक पावाला लावून खातात. स्वस्त माल. माकडं सुधारली. मग बायकांना दिलं, आणि त्या सुधारल्या. १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे छापून आलं. मार्माइटमधलं नेमकं काय लागू पडतं हे कळत नव्हतं, म्हणून त्या अज्ञात पदार्थाला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पानावरून त्याचं नाव पडलं फॉलिक आम्ल. ते प्रयोगशाळेत बनवण्याचं काम १९४५ साली अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव भीमावरमचे, तेलुगू माणूस. आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली मंडळींनी हे नाव मुलांना जरूर सांगावं. आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लाल गोळी ठेवते, तिच्यात साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. त्यातला दुसरा भाग परळच्या त्या बायकांनी जगाला दिला आहे.

आणखी एक गोष्ट इथं जोडतो. विल्स मुंबईत आल्या त्याच १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाच्या रजेत भत्ता मिळावा म्हणून विधेयक आलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. १९२९ साली तो कायदा झाला. वैद्यकाच्या इतिहासात लूसी विल्स येतात आणि कामगार चळवळीच्या इतिहासात हा कायदा येतो. माझ्या मते दोन्ही एकाच आजारावरचे उपचार आहेत. गोळीनं फॉलिक आम्ल मिळतं. पालक आणायला जे पैसे लागतात आणि तो निवडायला जी सवड लागते, ती कायद्यानं मिळते.

गिरण्या बंद पडल्या. विड्या राहिल्या. पूर्व भागात किंवा विडी घरकुलात कुठल्याही दारात उभं राहा: मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली तेंदूची पानं, आणि बोटं चाललेली. मजुरी हजारी. म्हणजे हजार विड्या वळल्या की अमुक इतके रुपये. उठून भाजी चिरली तर तेवढ्या विड्या गेल्या. म्हणून सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाताबरोबर पातळ आमटी, आणि थकवा आला की पुन्हा चहा. माझ्याकडं येणाऱ्या या बायकांची तक्रार कधीही 'रक्त कमी आहे' अशी नसते. 'कंबर लागते', 'जिना चढवत नाही', 'डोकं जड राहतं', 'माती खावीशी वाटते', आणि हळूच सांगितलेलं 'अंगावरून फार जातं'. पापणी खाली ओढली की पांढरीफटक. बहुतेक वेळ घरात, म्हणून ड जीवनसत्त्वही कमी. सोलापूरच्या उन्हाबद्दल जग बोंब मारतं, पण ते ऊन या बाईच्या कातडीला लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता सापडली. आधीच्या फेरीत ४८ टक्के होती. पुरुषांत २१.९ टक्के. बोट टोचून घेतलेल्या थेंबानं हे मोजतात. शिरेतून रक्त काढलं की आकडे बरेच खाली येतात, हे खरं आहे आणि त्यावर तज्ज्ञांची भांडणं चालू आहेत. पण पद्धत कुठलीही घ्या, घरातल्या बाईत आणि बुवात एवढं अंतर का, या प्रश्नाला फक्त पाळीचं उत्तर पुरत नाही. शेवटी कोण जेवतं? भांड्याच्या तळाची आमटी कुणाच्या वाटणीला येते?

लोहाबद्दल दोन समज खोडतो. पहिला रंगाचा. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून रक्त वाढतं. बीटाचा लाल रंग आणि डाळिंबाचा लाल रंग ही वनस्पतींची रंगद्रव्यं आहेत, त्यांचा लोहाशी काही संबंध नाही. दुसरा समज असा की पदार्थात लोह आहे म्हणजे ते अंगात गेलं. शंभर ग्रॅम ज्वारीत चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. पॉलिश केलेल्या तांदळात मिलिग्रॅमभरही नाही. बाईची गरज दिवसाला २९ मिलिग्रॅम, कारण धान्यातल्या लोहातला अगदी थोडा भाग आतडं आत घेतं. हा थोडा भाग वाढवायचा तर त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व हवं: लिंबू पिळा, पेरू खा, आवळ्याचं लोणचं नव्हे तर ताजा आवळा खा. आणि जेवणाला चिकटून चहा घेतला तर चहातलं टॅनिन उरलेल्यातलं निम्म्याहून जास्त अडवतं. जेवण आणि चहा यांत तासभर जाऊ द्या. आज रात्री घरी जाऊन फुकटात करता येईल असा एवढाच एक उपाय माझ्याकडं आहे. अंबाडी, तांदुळजा, हरभऱ्याची पानं, लोखंडी कढई, हे तुमच्या आजीला माहीत होतं. ते मी पुन्हा सांगत नाही.

पंढरपूर आपल्या जिल्ह्यात, त्यामुळं उपवासावरही बोललं पाहिजे. सोमवार, गुरुवार, एकादशी धरून महिन्यात आठ-दहा दिवस साबुदाण्यावर काढणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्या खिचडीत जे काही सत्त्व आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं. राजगिरा उपासाला चालतो आणि त्यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही चांगलं असतं. विठोबाची त्याला हरकत असल्याचं मी कुठं वाचलेलं नाही.

आयोडिन आणि अ जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. मिठात आयोडिन घातलं आणि गलगंड मागं हटला. अ जीवनसत्त्वाचे डोस बालकांना १९७०पासून दिले जाऊ लागले आणि बुबुळ वितळून अंध झालेली मुलं, जी आमच्या आधीच्या पिढीनं रुग्णालयात पाहिली, ती दिसेनाशी झाली. इथं कुणाला स्वयंपाक बदलावा लागला नाही, म्हणून यश लवकर आलं.

बी-१२चं तसं नाही. ते कुठल्याही धान्यात, डाळीत, फळात, भाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण, एवढीच त्याची घरं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत ते कमी निघालं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून त्यांनी गरोदर बायका आणि पुढं त्यांची मुलं पाहिली. दोन-तृतीयांश आयांत बी-१२ कमी होतं. आणि ज्या आयांचं फॉलिक आम्ल भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. म्हणजे मधुमेहाची पायाभरणी पोटात असतानाच. विल्स यांनी दिलेली गोळी एकटी पुरत नाही, तिच्या जोडीलाही कोरड्यास लागतं, असा याचा अर्थ मी घेतो. तळपायाला मुंग्या येतात, विसरायला होतं, तोल जातो, ही बी-१२च्या उणिवेची लक्षणं. आपल्याकडं ती 'शुगरची' म्हणून खपतात. त्यातून मधुमेहाला देतात ती मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ आणखी खाली जातं. सभेत मेटफॉर्मिन घेणारे पुष्कळ असतील. आपापल्या डॉक्टरांना एकदा बी-१२ तपासायला सांगा.

पिकातच पोषण वाढवायचं कामही आपल्या परिसरात झालं आहे आणि ते चांगलं आहे. राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही संशोधन संस्था यांनी जादा लोहाची 'धनशक्ती' बाजरी आणली. नगर जिल्ह्यातल्या वसतिगृहांतल्या किशोरवयीन मुलांना अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी आणि शेव सहा महिने दिली, तेव्हा लोह कमी असलेल्या मुलांपैकी ती उणीव भरून निघणाऱ्यांचं प्रमाण साध्या बाजरीच्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीत 'परभणी शक्ती' आणली. आपल्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं २०१७ साली 'सोलापूर लाल' दिलं, लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेलं. पण बाजार 'भगवा' या वाणाचा आहे आणि चांगलं डाळिंब खोक्यात बसून बाहेर जातं. विडी वळणारीच्या घरात डाळिंब येतं ते कुणी आजारी पडल्यावर. फळात लोह किती, यापेक्षा ते किलोला कितीला पडतं, हा माझ्या लेखी मोठा प्रश्न आहे.

रेशनवर लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलेला तांदूळ येऊ लागला. शंभर दाण्यांत एक दाणा तसा बनवलेला. तो पाण्यावर तरंगतो किंवा वेगळा दिसतो, म्हणून बायका 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून टाकतात. त्यांना हसू नका. त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही. मी या तांदळाच्या विरोधात नाही. पण ज्वारीच्या जिल्ह्याला तांदूळ द्यायचा आणि मग त्या तांदळात ज्वारीतलं लोह घालायचं, हे मला उलट्या हातानं घास भरवल्यासारखं वाटतं.

शेवटी शाळेचं. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्यानं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जे खात नाहीत त्यांना केळं. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून सोय करा म्हणून सांगितलं. अंड्यावरून वाद होतात, त्यात मी पडत नाही. ज्या घरात चालत नाही, तिथं चालत नाही. पण अंड्याच्या जागी केळं हा हिशेब चुकीचा आहे. अंड्यात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या वर बी-१२ असतं, केळ्यात शून्य. मोठ्या माणसाची गरज दिवसाला दोनपेक्षा जरा जास्त. अंड्याच्या बदल्यात द्यायचं तर पेलाभर दूध द्यायला हवं, त्यात पाऊण मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं. जिथं पंढरपुरी म्हैस ही स्वतंत्र जात म्हणून ओळखली जाते, त्या जिल्ह्यात आठवड्यातून एकदा शाळेत दूध पोचवायला फार मोठी यंत्रणा लागू नये. अंडं खाणाऱ्याला अंडं, न खाणाऱ्याला दूध, आणि दोघांच्याही ताटात भाकरीवर चमचाभर शेंगाचटणी. जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत हा विषय मांडायला कुणी तयार असेल, तर दर मुलामागचा खर्च मी काढून ठेवला आहे. कागद बरोबर आणला आहे, व्याख्यान संपल्यावर मागून घ्या.